शेवटचा थर कागदाचा होता : ब्लॅकबर्नच्या तांबूस सीडींचे प्रकरण

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न या गावी फिलिप्स अँड ड्यूपाँ ऑप्टिकल, म्हणजेच पीडीओ, या कंपनीचा सीडी बनवण्याचा कारखाना होता. १९८८ ते १९९३ या काळात तिथे तयार झालेल्या ऑडिओ सीडींपैकी पुष्कळ सीडी पुढील काही वर्षांत कडेकडून तांबूस पडू लागल्या. हा रंग आधी सोनेरी, मग कांस्यासारखा आणि शेवटी कॉफीसारखा गडद होत बाहेरून आत सरकत असे. सीडी आतून बाहेर वाचली जाते; त्यामुळे पहिली गाणी ठणठणीत वाजत आणि शेवटच्या गाण्यात टिकटिक, खरखर सुरू होई. हायपिरियनसारख्या, पाश्चात्त्य अभिजात संगीत काढणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना याचा त्रास झाला. मधल्या पारदर्शक कड्यावर ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ अशी अक्षरे असली की संग्राहक आजही ती सीडी उजेडात धरून पाहतात.

प्रकाशीय नॅनोरचना तयार करणे आणि तिला पातळ थरांनी सुरक्षित करणे, या विषयावर पाठ्यपुस्तकी उदाहरणे भरपूर मिळतात. पण ती बहुधा प्रयोगशाळेतील, चार-दोन नमुन्यांची असतात. सीडी तशी नाही. ती दर काही सेकंदांना एक या वेगाने निघणारी, घरात धूळ खात पडणारी आणि तरीही शंभर-सव्वाशे नॅनोमीटर खोलीच्या खळग्यांवर अवलंबून असणारी वस्तू आहे. संरक्षणाचा थर कुठे आणि का हरतो हे शिकायचे असेल, तर मला तरी याहून चांगले प्रकरण माहीत नाही.

प्रथम रचना पाहू. सीडीचा जवळजवळ सगळा जाडपणा, म्हणजे १.२ मिलिमीटर, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा असतो. त्याच्या एका पृष्ठभागावर, छापील बाजूकडे, सर्पिल रेषेत खळग्यांची रांग असते. या रेषेच्या दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन, खळग्याची रुंदी साधारण अर्धा मायक्रॉन आणि लांबी ०.८ ते ३ मायक्रॉनच्या आसपास असते. पूर्ण भरलेल्या सीडीवरची ही रेषा उलगडली, तर ती पाच किलोमीटरहून लांब भरते.

खोलीचे गणित सोपे आहे. वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५५ असल्यामुळे प्लॅस्टिकच्या आत ती सुमारे ५०० नॅनोमीटर होते. तिचा चौथा भाग म्हणजे सव्वाशे नॅनोमीटर. खळगा इतका खोल असेल, तर त्याच्या तळावरून आणि आजूबाजूच्या सपाटीवरून परतणाऱ्या किरणांमध्ये जाऊन-येऊन अर्ध्या तरंगाचा फरक पडतो आणि ते एकमेकांना मारतात. प्रत्यक्षात खोली थोडी कमी ठेवतात, कारण लेसरला रेषेवर टिकून राहण्यासाठी लागणारा संकेत कमी खोलीला अधिक चांगला मिळतो. वाचन आणि मार्ग धरणे या दोन गरजांची ती तडजोड असते.

हे खळगे तयार होतात ते असे. काचेच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन त्यावर लेसरने लिहितात. लेप धुतला की खळगे उरतात. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर चढवून विद्युतलेपनाने जाड निकेल वाढवतात आणि ते उचलून साचा मिळवतात. पुढे हा साचा इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रात बसतो आणि वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर आपला ठसा उमटवत राहतो. नॅनोमीटरच्या मापाची आकृती केवळ दाबाने, एकामागून एक, हजारो वेळा जशीच्या तशी उमटते. या कामाला निम्मी जिंदगी जवळून पाहिलेल्या माणसालाही याचे नवल वाटणे थांबत नाही.

साच्यातून निघालेली चकती आरपार दिसते. तिच्यावर खळगे असतात, पण ते प्रकाश परतवत नाहीत. म्हणून निर्वात कक्षात तिच्यावर काही दशक नॅनोमीटर जाडीचा धातूचा थर चढवतात. सुरुवातीच्या काळात अनेक चकत्या एकत्र टांगून धातू तापवून, त्याची वाफ करून हा थर देत असत. नंतर स्पटरिंग आले. स्पटरिंगमध्ये आर्गॉनचे आयन धातूच्या पाटीवर आदळतात आणि तिथले अणू उडून चकतीवर बसतात. वाफेचे अणू सरळ रेषेत येतात, तर स्पटरिंगचे अणू वाटेत वायूला धडकत वेगवेगळ्या कोनांतून येतात, त्यामुळे खळग्याच्या उतरत्या भिंतींवरही धातू बऱ्यापैकी समान बसतो. शेवटी चकती गरगर फिरवून तिच्यावर ॲक्रिलिक लॅकरचा पाच-दहा मायक्रॉनचा पातळ लेप पसरवतात, तो अतिनील प्रकाशात क्षणात घट्ट करतात आणि त्यावर नाव-गाव छापतात.

इथे एक गोष्ट सामान्य वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू खाली करून ती टेबलावर ठेवतो, म्हणजे नेमके उलटे करतो. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे चिलखत आहे. लेसरचा किरण त्या पृष्ठभागावर शिरताना सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतो आणि खळग्यापाशी पोहोचेपर्यंत दोन मायक्रॉनच्या आत आवळला जातो. म्हणून पृष्ठभागावरची धूळ किंवा बारीक ओरखडा त्याला जवळजवळ दिसतच नाही. छापील बाजूला मात्र धातू आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये केवळ लॅकर आणि शाई असते आणि धातूतला दोष नेमका केंद्रबिंदूत असतो. माझ्याकडे दादरला घेतलेली नाट्यसंगीताची एक जुनी सीडी आहे. ती ॲल्युमिनियमची आहे, तांबूस वगैरे काही पडलेली नाही. पण ट्यूबलाइटसमोर धरली की तिच्यातून टाचणीच्या टोकाएवढ्या उजेडाच्या ठिपक्यांचा छोटा झुबका दिसतो, आणि त्या जागी छापील बाजूवर नखाने खरवडल्यासारखा एक ओरखडा आहे. ती अजून वाजते, याचे श्रेय चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतपद्धतीला द्यायला हवे. रेषेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर पूर्ण हरवला, तरी ती पद्धत तो शेजारच्या माहितीवरून पुन्हा जुळवते.

आता ब्लॅकबर्नकडे वळू. तिथल्या सीडींवर वापरलेले लॅकर गंधकाला अडवू शकत नव्हते आणि ज्युएल केसमध्ये, म्हणजे सीडीच्या प्लॅस्टिकच्या डबीत, सीडीला खेटून राहणाऱ्या पुस्तिकेच्या कागदात गंधक होते, असे या दोषाचे कारण ठरले. ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहाचे पीटर कोपलंड यांनी यात आणखी एका दुव्याकडे बोट दाखवले : या सीडींच्या परावर्तक थरात ॲल्युमिनियमच्या जागी चांदी होती.

चांदी का वापरावीशी वाटते, हे प्रकाशाच्या बाजूने पाहिले तर उघड आहे. ॲल्युमिनियमच्या परावर्तनात ८०० नॅनोमीटरच्या जरा पुढे एक खळगी असते. तिथे ते ८७ टक्क्यांच्या आसपास उतरते. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेसर दुर्दैवाने या उतारावरच बसतो. चांदी तिथे ९८ टक्क्यांच्या वर परावर्तन देते. सीडीच्या मानकाला ७० टक्के परावर्तन पुरते, त्यामुळे ॲल्युमिनियमने काम भागत होतेच. पण हातात अधिक राखीव असले, तर कोणताही प्रक्रिया-अभियंता खूश होतो.

रसायनाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर दोन-तीन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा घट्ट थर येतो आणि पुढचे गंजणे तिथेच अडते. म्हणजे या धातूचे पहिले संरक्षण तो स्वतःच करतो. चांदीजवळ असे काही नाही. तिच्यावर धरणारे सिल्व्हर सल्फाइड सच्छिद्र असते, आतल्या चांदीला झाकत नाही आणि मूळ धातूच्या सुमारे १.७ पट जागा व्यापते, त्यामुळे ते वाढताना लॅकरलाही आतून ढकलत राहते. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजने रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत आहे. पैंजणांच्या जोडीला रबरबँड लावून ठेवला, तर वर्षभराने त्याच्या बरोबर खाली काळी रेघ उमटलेली दिसते, कारण रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घातलेले असते. गंधकाला चांदीपर्यंत पोहोचायला लोट लागत नाहीत. नुसता सहवास पुरतो.

किती गंधक पुरेल, याचा हिशेब मी एकदा करून पाहिला. सीडीवरील धातूचे क्षेत्रफळ सुमारे ९४ चौरस सेंटिमीटर. थर ५० नॅनोमीटरचा धरला, तर एका सीडीवर सगळी मिळून पाच मिलिग्रॅमच्या आसपास चांदी होते. ती पूर्णपणे सल्फाइड व्हायला ०.७ मिलिग्रॅम गंधक लागते. चकतीच्याच मापाची, तीन दुमडलेल्या कागदांची बारा पानी पुस्तिका जरा जाडसर कागदावर छापली, तर तिचे वजन दहा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे कागदाच्या दर दहा लाख भागांत सत्तर-पंचाहत्तर भाग मोकळे, क्रियाशील गंधक असले, की संपूर्ण चकतीचा आरसा खाऊन टाकायला तेवढे पुरते. कागदाच्या लगद्याच्या प्रक्रियेत गंधकयुक्त रसायने वापरली जातात, हे लक्षात घेता हा आकडा घाबरवणारा आहे. गंधकाने सगळा थर खाण्याची वाट पाहण्याचीही गरज नसते. कडेचे चार मिलिमीटर गेले, की शेवटचे गाणे गेले.

मग पाच-दहा मायक्रॉनचे लॅकर काय करत होते? याचे उत्तर जाडीत सापडत नाही. लॅकर हे बहुलक आहे. त्याच्या लांब रेणूंच्या गुंत्यात मोकळ्या फटी असतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा छोटा रेणू त्यांतून वाट काढत जातो. जाडी दुप्पट केली, तर तो उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल. गोधडी कितीही जाड असली तरी पाऊस अडवत नाही, पत्रा पातळ असूनही अडवतो. तसाच हा प्रकार आहे. ओरखडे, बोटांचे ठसे, छपाईच्या शाईतील द्रावके यांना लॅकर चांगले तोंड देते आणि मुळात त्याला नेमले होते ते या कामासाठीच.

कडेकडून सुरुवात होण्यालाही कारण आहे. धातूचा थर चकतीच्या अगदी टोकापर्यंत नेत नाहीत. कडेला मुखवटा ठेवून थोडी पट्टी कोरी सोडतात, म्हणजे तिथे लॅकर थेट प्लॅस्टिकला धरते आणि धातूची कड आत बंद होते. फिरवून दिलेल्या लेपाचा काठ हा नेहमीच लहरी असतो. तो कुठे जाड होतो, कुठे चकतीच्या धारेवरून ओघळतो, कुठे नेमका अपुरा पडतो. कोटिंगच्या कामात मधला भाग सगळ्यांनाच जमतो. खरी परीक्षा काठावर असते.

हा दोष कारखान्यातून माल निघताना का सापडला नाही, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेसर धातूकडे पॉलिकार्बोनेटच्या बाजूने पाहतो, तर गंधक लॅकरच्या बाजूने येते. चांदीत ७८० नॅनोमीटरचा प्रकाश दहा-बारा नॅनोमीटर खोल जातो आणि विझतो. याचा अर्थ असा, की ५० नॅनोमीटरच्या थराचा मागचा निम्मा भाग काळा पडेपर्यंत लेसरला काहीही कळत नाही. परावर्तन मोजा, चुकांचे प्रमाण मोजा, सगळे आकडे नव्या सीडीसारखे येतात. त्यानंतर उरलेला धातू वीस नॅनोमीटरच्या खाली गेला, की परावर्तन एकदम घसरू लागते. त्यातही काही काळ चूक-दुरुस्तीची पद्धत सावरून धरते आणि कानाला दोष कळतो तो सर्वांत शेवटी. छापील बाजूने नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला मात्र रंग कितीतरी आधी दिसला असता. यंत्राने मोजलेले तेच खरे मानण्याच्या सवयीत ही साधी तपासणी मागे पडते.

दुसरे असे, की टिकाऊपणाची चाचणी घेताना चकती सहसा एकटी तपासतात : उष्णता आणि दमटपणा यांच्या कक्षात सीडी ठेवतात, तिची पुस्तिका ठेवत नाहीत. पण ग्राहकाच्या घरी सीडी एकटी राहत नाही. बंद डबीत, काही मिलिमीटर अंतरावर, वर्षानुवर्षे कागद असतो. थरांची यादी करताना पॉलिकार्बोनेट, धातू, लॅकर, शाई असे चार मोजले गेले. पाचवा थर पुस्तिकेचा होता आणि तो छपाई खात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे कोणीच मोजला नाही. यासाठी नवे विज्ञान लागत नव्हते, हे विशेष. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ओडी यांनी १९७३ मध्येच एक चाचणी सुचवली होती : कपाटात वापरायचे कापड, लाकूड किंवा कागद यांचा तुकडा, जरासे पाणी आणि चांदी, शिसे, तांबे यांच्या पट्ट्या बंद नळीत ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायच्या आणि पट्ट्या काळवंडतात का ते पाहायचे. संग्रहालयांत ही चाचणी रोजच्या वापरातली झाली. पुस्तिकेच्या कागदाचा एक कपटा त्या नळीत पडला असता, तर महिन्याभरात उत्तर मिळाले असते. पुढे पीडीओने दोष मान्य करून खराब सीडी बदलून दिल्या.

चांदी वापरूच नये, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र चुकीचे ठरेल. २००४ मध्ये चिली देशातील सेरो पाचोन येथील जेमिनी साउथ दुर्बिणीच्या ८.१ मीटर व्यासाच्या मुख्य आरशावर स्पटरिंगने चांदी चढवण्यात आली. त्या रचनेत चार थर आहेत : काचेला धरून राहण्यासाठी निकेल-क्रोमियम नायट्राइडचा काही नॅनोमीटरचा थर, त्यावर सुमारे ११० नॅनोमीटर चांदी, त्यावर पुन्हा तेच नायट्राइड एका नॅनोमीटरपेक्षाही पातळ आणि सर्वांत वर सिलिकॉन नायट्राइड सुमारे साडेआठ नॅनोमीटर. ब्लॅकबर्नच्या लॅकरशी तुलना करता हे कवच जाडीने काहीशे पट कमी आहे. तरीही मोकळ्या हवेत राहणारा तो आरसा धुऊन-पुसून वर्षानुवर्षे टिकतो, कारण स्पटरिंगने बसवलेले नायट्राइड दाट असते आणि त्यातून रेणू सरपटत जायला फटी नसतात. मधला तो जेमतेम एका नॅनोमीटरचा थर सर्वांत शहाणा आहे. तो चांदी आणि नायट्राइड यांना एकमेकांना धरायला लावतो आणि प्रकाशाच्या आड मात्र जवळजवळ येत नाही.

तोच उपाय सीडीला का लावला नाही, हे विचारणे सोपे आहे. आरशाची काच तापमानाने नाममात्र पसरते; पॉलिकार्बोनेट मात्र दर अंशाला सिलिकॉन नायट्राइडच्या वीसएक पट पसरते, त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या चकतीवरील ताठ नायट्राइडला बारीक तडे जाण्याची भीती असते आणि तडा गेला की पत्र्याचीच चाळण होते. शिवाय नायट्राइडसाठी वेगळा कक्ष आणि वेगळा वायू लागतो. धातूचा थर एक-दोन सेकंदांत देणाऱ्या कारखान्याला ते परवडत नाही. ॲल्युमिनियमवर राहणे, हा सीडीपुरता रास्त निर्णय होता. पुनर्लेखन करता येणाऱ्या तबकड्यांमध्ये पुढे चांदी पुन्हा आली, तेव्हा गंधक तर रचनेच्या आतच होते : ज्याची अवस्था बदलून माहिती लिहिली जाते त्या थराशेजारी झिंक सल्फाइड आणि सिलिका यांचे मिश्रण वापरले जाई. तिथे अभियंत्यांनी त्या मिश्रणाच्या आणि चांदीच्या मध्ये सल्फाइडरहित रोधक थर घातला. ब्लॅकबर्नला कागदाने जे केले, ते इथे शेजारचा थर करू शकतो, हे तोवर सर्वांना कळले होते.

अशी सीडी हाती असलेल्यांसाठी व्यावहारिक बाब एवढीच, की रंग कडेला असतानाच तिची पूर्ण प्रत संगणकावर करून घ्यावी, आणि पुस्तिका डबीतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी. एकदा सल्फाइड झालेली चांदी परत येत नाही. गंमत अशी, की खळगे धातूत नसून प्लॅस्टिकमध्ये असतात. पूर्ण काळ्या पडलेल्या चकतीतही पाच किलोमीटरची ती रांग जशीच्या तशी शाबूत असते, हरवलेला असतो तो फक्त आरसा. लॅकर आणि सल्फाइड काढून टाकून चकती पुन्हा निर्वात कक्षात घातली, तर तत्त्वतः ती पुन्हा वाजायला हवी. अडचण एवढीच आहे, की अतिनील प्रकाशाने घट्ट झालेले ॲक्रिलिक ज्या द्रावकांत फुगून सुटते, त्या ॲसिटोन आणि डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांपुढे पॉलिकार्बोनेट त्याच्याही आधी हात टेकते आणि सव्वाशे नॅनोमीटरचे खळगे फुगून किंवा विरघळून बिघडतात.